नेरुळच्या खाडीकाठी : पक्षी पाहण्याची एक सोपी वाट

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या हार्बर मार्गावर नेरुळ आणि बेलापूर यांच्या दरम्यान सीवूड्स-दारावे हे स्थानक आहे. स्थानकाभोवती उंच इमारती, भव्य दुकाने आणि वाहनांची अखंड वर्दळ. तेथून खाडीच्या दिशेने रिक्षाने थोडे अंतर गेले व पाम बीच मार्ग ओलांडला की दृश्य एकाएकी पालटते. इमारतींची रांग मागे राहते, समोर उथळ पाण्याचा विस्तीर्ण पट्टा येतो, आणि हिवाळ्याच्या अखेरीस योग्य वेळ साधून गेल्यास त्या पाण्यात शेकडो, प्रसंगी हजारो रोहित पक्षी एका पायावर उभे असलेले दिसतात. त्यांच्या मागे पुन्हा उंच इमारतीच असतात.

पक्षीनिरीक्षणासाठी दूरच्या अरण्यात जावे लागते, त्यासाठी वाहन, मुक्काम आणि बराच खर्च यांची तरतूद करावी लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नेरुळची ही वाट त्या समजुतीला छेद देते. येथे चढ नाही, खडक नाही, दाट झाडी नाही. वृद्धांना आणि शाळकरी मुलांना सहज चालता येईल अशी ही सपाट मातीची वाट असून दोन-अडीच तासांत निवांतपणे पाहून होते. मात्र या वाटेचा खरा लाभ ज्याला घ्यावयाचा आहे त्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे. कारण येथील पक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा समुद्राच्या भरती-ओहोटीवर अधिक अवलंबून असतो.

तिथीची पाऊणपट

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची आहे. ओहोटीच्या वेळी तिच्या दोन्ही काठांवर चिखलाची मैदाने उघडी पडतात. या चिखलात सूक्ष्म शैवाल, किडे, कृमी, शिंपल्या आणि खेकड्यांची पिले यांची अपार समृद्धी असते. खाडीच्या पक्ष्यांचे हे अन्नछत्रच होय. ओहोटी लागली की पक्षी तेथे उतरतात आणि दिवस असो वा रात्र, चरत राहतात. पुढे भरती येते. चिखल पाण्याखाली जातो, पाणी पक्ष्यांच्या पायांच्या उंचीपलीकडे चढते आणि अन्नछत्र काही तासांपुरते बंद होते. या अवधीत हजारो पक्ष्यांना पाय टेकून उभे राहता येईल असे दुसरे उथळ पाणी जवळपास हवे असते. नेरुळची तळी म्हणजे असे विश्रांतिस्थान होय. खाडी आणि तळे अशी ही जोडी आहे. यांतील एक जरी नाहीसे झाले तरी दुसऱ्याचा उपयोग उरत नाही, ही गोष्ट या वाटेवर चालताना जितकी स्पष्ट दिसते तितकी पुस्तकातून समजणे कठीण.

म्हणूनच तळ्यावरचे पक्षी पाहावयाचे तर भरतीच्या सुमारास जावे लागते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा हा पूर्ण भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. द्वादशीला नऊ. चतुर्दशीला साडेदहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब तोच. प्रत्यक्षात स्थळानुसार तासाभराचा फरक पडतो, खाडीत आत जावे तसतशी भरती थोडी उशिरा पोहोचते, आणि निश्चित वेळेसाठी छापील कोष्टक पाहणे केव्हाही चांगले. तरीही दौऱ्याचा दिवस ठरविण्यासाठी हा तोंडी हिशेब पुरेसा आहे.

भरतीची वेळ कळली म्हणजे काम संपले असे नाही. तिचा जोरही पाहावा लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसे चढत नाही आणि चिखलाचा काही भाग उघडाच राहतो. पक्ष्यांना मग खाडी सोडण्याचे कारण उरत नाही. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते. तेव्हा चिखल पूर्णपणे बुडतो आणि पक्ष्यांचे थवेच्या थवे तळ्याकडे वळतात. सकाळची वेळ आणि जोराची भरती यांचा मेळ त्रयोदशी-चतुर्दशीला उत्तम बसतो. पूर्ण भरतीपूर्वी दीड-दोन तास तळ्याच्या काठी पोहोचावे म्हणजे रिकामे पाणी हळूहळू भरत जाताना पाहावयास मिळते. प्रथम लहान पाणपक्षी येतात, मग बगळे आणि शेवटी रोहितांच्या लांबलचक रांगा. उशीर झाला तर भरलेले तळे दिसते, पण ते भरताना पाहण्याची मौज हुकते.

खारबंदिस्तीचा वारसा

येथील तळी सर्वस्वी नैसर्गिक आहेत असेही म्हणता येत नाही. नवी मुंबई वसण्यापूर्वी हा सारा किनारा आगरी व कोळी समाजाच्या गावांचा होता. करावे, दारावे, सारसोळे, दिवाळे ही नावे आजही नकाशावर आहेत. खाडीचे खारे पाणी अडविण्यासाठी गावकरी मातीचे बांध घालीत, आतील जमिनीत भात पिकवीत, काही ठिकाणी मिठागरे चालवीत. बांधाला ठिकठिकाणी उघाडी असे. भरती आली की तिची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटत आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडत. कोणतेही यंत्र नसलेली ही व्यवस्था पाहून आधुनिक अभियंत्यालाही कौतुक वाटावे.

शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि या खाजणांवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. जमीन सखल, काही ठिकाणी तर उधाणाच्या पातळीहूनही खाली. पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर शहरातील पाणी जावयाचे कोठे, हा प्रश्न होता. त्यावर धारण तलावांची योजना करण्यात आली. भरतीच्या काळात शहरातील पावसाचे पाणी या तलावांत साठते, खाडीकडील झडपा मिटलेल्या राहतात, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत निघून जाते. जुन्या उघाडीचेच तत्त्व येथे शहराच्या मापाने वापरलेले आहे. नेरुळ येथील ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे सकाळच्या फेरफटक्याचे लोकप्रिय ठिकाण मुळात असाच एक धारण तलाव आहे, हे तेथे रोज चालणाऱ्या अनेकांच्या ध्यानीमनीही नसेल.

काळाच्या ओघात काही धारण तलावांत तिवरांनी मूळ धरले. गाळ काढावा तर तिवरे तोडावी लागतात आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे. गाळ न काढावा तर पुराचा धोका. हा पेच अद्याप पुरता सुटलेला नाही. निसर्ग आणि नगररचना यांच्या सीमारेषा कागदावर जितक्या सरळ असतात तितक्या जमिनीवर नसतात याचे हे बोलके उदाहरण.

वाटेवर भेटणारे

पाहणीस प्रारंभ डीपीएस तळे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शाळेलगतच्या तळ्यापासून करावा. तेथून एन.आर.आय. संकुलामागील पाणथळ आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागील पाणथळ अशी पुढची ठिकाणे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस तिवरांची हिरवी भिंत आणि मधून मातीचा बांध, असे या वाटेचे स्वरूप आहे. दोन ठिकाणांमधील अंतर काही जागी रस्त्याने जावे लागते. पाम बीच मार्गावर वाहने अतिशय वेगाने धावतात, तेव्हा तो सिग्नलच्या ठिकाणीच ओलांडावा. काही भाग संस्थांच्या ताब्यात असल्याने तेथील पहारेकरी सांगेल ते मानावे.

तिवरांपाशी क्षणभर थांबणे इष्ट. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी टोके म्हणजे तिवराची श्वसनमुळे. गाळात हवा नसल्यामुळे हे झाड मुळे वर काढून श्वास घेते. पानाच्या पाठीला जीभ लावली तर ती खारट लागते, कारण शोषलेले जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

पक्ष्यांपैकी सर्वप्रथम ओळख पटते ती शेकाट्याची. काळे पंख, पांढरे अंग आणि शरीराच्या मानाने अतिशय लांब असे गुलाबी पाय. काठावरच्या उथळ पाण्यात तो एखाद्या काटेकोर कारकुनाप्रमाणे पावले मोजीत फिरतो. त्याच्या आसपास चिखलाच्या रंगाचे, चिमणीएवढे पक्षी लगबगीने टोचा मारताना दिसले तर ते टिलवे समजावे. साध्या टपालाच्या पाकिटाइतक्या, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम वजनाचा हा जीव उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात घरटे करतो आणि हिवाळा काढण्यासाठी हजारो किलोमीटर उडून आपल्या किनाऱ्यावर येतो. रोहितांच्या दर्शनासाठी आलेली मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक या वाटेवरचा सर्वांत विलक्षण प्रवासी तोच आहे.

तुतारी, चिखल्या आणि पाणटिवळा ही त्याची भाऊबंद मंडळी. यांच्या चोची निरखून पाहाव्यात. चिखल्याची आखूड, तुतारीची मध्यम, पाणटिवळ्याची बोटभराहून लांब. एकाच चिखलात प्रत्येकाची खोली ठरलेली : कोणी पृष्ठभागावरचे टिपतो, कोणी खोलवर रुतलेला कृमी ओढून काढतो. त्यामुळे इतक्या गर्दीतही भांडण फारसे होत नाही. उचाट्या नावाचा काळा-पांढरा देखणा पक्षी दिसला तर दिवस सत्कारणी लागला असे समजावे. त्याची चोच टोकाशी वर वळलेली असते आणि ती तो विळा फिरवावा तशी पाण्यात डावी-उजवीकडे फिरवितो.

खोल पाण्याच्या बाजूस बदके असतात. हळदीकुंकू बदकाला हे नाव ज्याने दिले त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावयास हवी : काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. थापट्याची चोच थापीसारखी पसरट. काळाकुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी तर नावासकट लक्षात राहतो. याखेरीज राखी बगळा, चित्रबलाक, शराटी, चमचा, पाणकावळा, खंड्या, आणि आकाशात घिरट्या घालणारी घार ही मंडळी बहुधा हजर असतात. या मराठी नावांचे आणि त्यांच्या स्थानिक पर्यायांचे भांडार ज्यांनी जमवून ठेवले त्या मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावयास हवा.

रोहित

या वाटेचा मानकरी अर्थातच रोहित. त्याच्या दोन जाती येथे येतात. मोठा रोहित सुमारे चार-साडेचार फूट उंच, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी व टोकाशी काळी. छोटा रोहित तीन फुटांच्या आसपास, रंगाने अधिक गडद, आणि त्याची चोच दुरून काळपट लाल दिसते. ठाणे खाडीत संख्येने छोटा रोहित अधिक असतो. थव्यात राखाडी रंगाचे पक्षी दिसले तर ती वेगळी जात नव्हे. ती अद्याप वयात न आलेली पिले होत.

रोहिताची खाण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. तो मान खाली घालून डोके उलटे करतो. वरची चोच खाली आणि खालची वर अशा स्थितीत ती पाण्यात बुडवून जिभेने वेगाने पाणी आत-बाहेर करतो. चोचीच्या कडांना बारीक दातऱ्या असतात. पाणी निथळून जाते आणि शैवाल, बारीक झिंगे वगैरे अन्न अडकून राहते. चहाच्या गाळणीची उपमा येथे चपखल बसते. त्या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते.

हे पक्षी खाडीत अंडी घालीत नाहीत. त्यांची मोठी वीण गुजरातेत कच्छच्या रणात होते. तेथे चिखलाचे लहान बुरूज रचून त्यावर बहुधा एकच अंडे घातले जाते. १९४५ मध्ये सालिम अली यांनी कच्छच्या मोठ्या रणातील रोहितांच्या विस्तीर्ण वसाहतीची पाहणी केली होती. अलीकडे, २०२२ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतील काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसविली. त्यांच्या साहाय्याने पक्ष्यांचा गुजरातेपर्यंतचा प्रवास तर नोंदला गेलाच, शिवाय येथे असताना ते भरती-ओहोटीनुसार खाडी आणि नवी मुंबईची तळी यांच्यात कशी ये-जा करतात हेही स्पष्ट झाले.

ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकापासून. त्यापूर्वी ते येथे असे कधी दिसत नव्हते. याचे एक कारण विचार करावयास लावणारे आहे. महानगराचे सांडपाणी खाडीत येते, त्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवाल बेसुमार वाढते, आणि गाळ साचून चिखलाची मैदाने विस्तारली आहेत. म्हणजे ज्या प्रदूषणाने खाडीतील मासळी घटली आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे नुकसान झाले, त्याच्याशीच रोहितांच्या आगमनाचा संबंध जोडला जातो. पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध झाले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून रोहित येऊ लागतात, त्यांची संख्या जानेवारी ते एप्रिल या काळात सर्वाधिक असते, आणि मेअखेर बहुतेक निघून जातात. अलीकडील काही हंगामांत खाडीतील त्यांची संख्या लाखाच्या वर असल्याचा अंदाज तज्ज्ञांनी वर्तविला आहे. काही पक्षी पावसाळ्यातही मागे राहतात.

तळे कोरडे पडले तेव्हा

राज्य शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यानचा खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ होय.

पक्ष्यांच्या चरण्याच्या जागेस अशा प्रकारे संरक्षण लाभले. विश्रांतीची तळी मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली. याचा परिणाम २०२४ मध्ये दिसून आला. डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी ज्या मार्गाने येत असे तो मार्ग अडला गेल्यामुळे तळे कोरडे पडू लागले. भरतीच्या वेळी नेहमीप्रमाणे आलेल्या रोहितांना पाणी मिळेना. दिशा हरवलेले काही पक्षी आसपासच्या रस्त्यांवर उतरले, काही जखमी झाले, काही मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपर येथे मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या एका विमानाची धडक बसून रोहितांचा थवाच्या थवा कोसळला. सुमारे चाळीस पक्षी त्यात दगावले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध होता असे खात्रीने म्हणता येणार नाही. तथापि विसाव्याची जागा हिरावली गेली की पक्षी अवेळी आणि आडमार्गाने उडू लागतात, ही गोष्ट अभ्यासकांनी वारंवार मांडली आहे.

स्थानिक रहिवाशांनी व निसर्गप्रेमी संस्थांनी हा प्रश्न लावून धरला. शासनाने नेमलेल्या समितीने पाण्याचा प्रवाह पूर्ववत करण्याची शिफारस केली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तळे बारा हेक्टरांच्या आसपास आहे. शहराच्या जमिनीचे मोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निर्णयाचे वजन वेगळे सांगावयास नको. लगतच्या इतर पाणथळांच्या जमिनीच्या वापराबाबतचा वाद मात्र दीर्घकाळ न्यायालयांत चालला आहे.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न गुंतलेला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. पाणथळे बुजवली तर पक्षी दूर जातील व विमानांचा धोका टळेल, असा युक्तिवाद काही वेळा ऐकू येतो. तो वरवर पटण्याजोगा असला तरी टिकणारा नाही. चिखलाची मैदाने खाडीत आहेत तोवर पक्षी येणारच. ठरलेली तळी नाहीशी झाली तर भरतीच्या वेळी ते कोठे उतरतील याचा नेम राहणार नाही, आणि विमानतळाचा मोकळा सपाट परिसर त्यांना आकर्षक वाटण्याचा संभव अधिक. म्हणूनच परिसरातील पाणथळे आहेत तशी सुस्थितीत राखावीत, असे पक्षितज्ज्ञांचे मत आहे.

वर्ग घेऊन जाताना

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना येथे नेताना पंधरा-वीसचे गट करावेत. चाळीस मुलांचा वर्ग एकदम बांधावर आला की पहिल्या पाच मिनिटांत तळे रिकामे होते. भडक रंगाचे, विशेषतः पांढरे कपडे टाळावेत. शाळेचा गणवेशच पांढरा असेल तर त्यावर खाकी वा राखी रंगाचे काहीतरी घालावे. आठपट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण चार मुलांत एक पुरेशी होते. दुर्बीण नसली तरी अडत नाही, शेकाट्या आणि बगळे उघड्या डोळ्यांनी उत्तम दिसतात. पक्ष्यांना दाणे, पाव वा शेव टाकू नये. उडविण्यासाठी टाळ्या वाजविणे, खडे मारणे हे तर कटाक्षाने टाळावे : भरतीचे ते दोन-तीन तास हीच पक्ष्यांची झोप असते, आणि प्रत्येक वेळी उडताना ते लांबच्या प्रवासासाठी साठविलेली चरबी खर्च करतात.

मोजणीचा खेळ मुलांना हमखास रमवितो. प्रथम दहा पक्षी मोजावेत आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवावे. मग तेवढे तुकडे कल्पनेने थव्यावर मांडीत जावे. दोन मुलांनी स्वतंत्रपणे काढलेला अंदाज ताडून पाहिला की दर खेपेस तो एकमेकांच्या जवळ येत जातो. वहीत दिनांक, तिथी, भरतीची वेळ, पाण्याची स्थिती आणि पक्ष्यांची नावे व संख्या एवढे लिहिले तरी पुरे. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे केलेल्या अशा नोंदी पुढे प्रशासनाच्याही उपयोगी पडतात. नेरुळच्या तळ्याचे पाणी आटू लागल्याचे प्रथम लक्षात आले ते तेथे रोज चालावयास जाणाऱ्या नागरिकांनाच.

राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून निश्चित केला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिन. पाणथळांसाठी याहून सोयीचा काळ जानेवारीचा. १९८७ पासून आशिया खंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते आणि तिच्यात कोणासही स्वयंसेवक म्हणून सहभागी होता येते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन त्यानंतर लगेचच येतो.

गावचा तलाव, खाजण, पाझर तलावाची शेपूट

खाडीपासून दूर असलेल्या ग्रामपंचायतींनाही या विषयाशी कर्तव्य आहे. गावतळे, धरणाच्या फुगवट्याचा उथळ काठ, पाझर तलावाची शेपूट, भाताच्या खाचराशेजारचे खाजण, या सर्व जागी हिवाळ्यात तेच टिलवे, तुताऱ्या व बदके उतरतात. तेथे भरती-ओहोटी नसते. पाणी जसजसे ओसरते तसतसा नवा चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्या मागे सरकणाऱ्या काठाबरोबर सरकत जातात. जानेवारी-फेब्रुवारीत तळ्याच्या उताराकडील बाजूस सकाळी तासभर उभे राहिले तर हे पाहता येते.

पाणथळांच्या संवर्धन व व्यवस्थापनाविषयीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. या नियमांखाली अधिसूचित झालेल्या पाणथळात अतिक्रमण करणे, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई असून, गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायम बांधकाम करता येत नाही. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी वा मीठ पिकविण्यासाठी मुद्दाम बांधलेली जलाशये पाणथळ या व्याख्येतून वगळलेली आहेत. त्यामुळे गावचे तळे कोणत्या वर्गात मोडते हे प्रथम महसुली अभिलेखावरून पाहून घ्यावे. अनेक ठिकाणी जुने खाजण वा गायरानातील दलदल सातबाऱ्यावर नुसती पोटखराबा म्हणून नोंदलेली असते, आणि भराव टाकून झाल्यावरच तिची आठवण होते. अधिसूचनेचा प्रस्ताव राज्याच्या पाणथळ प्राधिकरणापुढे जावा लागतो. त्यासोबत तळ्याचा नकाशा, पाणी येण्याचे व जाण्याचे मार्ग, आणि दोन-तीन हिवाळ्यांतील पक्ष्यांच्या नोंदी जोडता आल्या तर प्रस्ताव भक्कम होतो. शाळेतील मुलांच्या वह्या येथे कामी येऊ शकतात. पाणी येण्याचा मार्ग नकाशावर अचूक दाखविणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तळे बुजविण्यापूर्वी बहुधा तोच आधी बंद होतो.